कारवान-मिश्र कुत्रीसाठी दहा मीटरचा दोर : मुंबईत वापरून पाहिल्यावर

मुंबईत राहून शिकारी रक्ताचे, मिश्र जातीचे, चपळ कुत्रे सांभाळणाऱ्याने पहिला मोठा खर्च कशावर करावा, असे मला कोणी विचारले, तर मी गादी, खेळणी किंवा परदेशी खाद्य यांपैकी कशाचेही नाव घेणार नाही. प्लास्टिकचा थर असलेल्या पट्टीचा दहा मीटरचा दोर आणि तो अडकवायला छातीवर नीट बसणारा हार्नेस घ्यावा, एवढेच सांगेन. हे परीक्षण त्या दोराचे आहे. आमच्या हरणीसाठी तो मी एका लहान कारागिराकडून मापाने कापून घेतला. त्याआधी सुती निवार, नायलॉनची पट्टी आणि नागदेवी स्ट्रीटवरून आणलेला पॉलिप्रॉपिलीनचा साधा दोर असे तिन्ही प्रकार वापरून झाले होते, त्यामुळे पुढची तुलना ऐकीव नाही. दोष या दोरातही आहेत आणि त्यांतला एक तर ऐन पावसाळ्यात चांगलाच जाणवतो. तरीही आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी हाच घेईन.

आधी कुत्रीविषयी, कारण कोणता दोर योग्य हे कुत्र्यावरून ठरते. हरणीची आई सोलापूरकडची कारवान आणि बाप गावातलाच कोणी अनाम. कारवान म्हणजे दख्खनच्या माळरानावर सशामागे धावण्यासाठी धनगर आणि इतर गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले सडपातळ कुत्रे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीची जोपासना केली, केनेल क्लब ऑफ इंडिया तिची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो, आणि २००५ साली डाक खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली त्यांपैकी एक याच जातीचे, मुधोळ हाउंड या नावाने होते. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बेकायदा ठरली, ते योग्यच झाले, पण कुत्र्याचे डोळे आणि पाय जसे घडायचे तसे आधीच घडून गेले होते. ही जात वासापेक्षा नजरेने शिकार करते. दूरवर काही हलले की आधी पाय सुटतात आणि मालकाची हाक नंतर ऐकू येते. मिश्र संततीत त्यावर गावठी नाकाची भर पडते. म्हणजे हरणी खार दिसली तरी धावते आणि गटाराच्या झाकणाखाली घूस आहे असा वास आला तरी तिथून हलत नाही. लालबाग-परळच्या चाळींमधून जाताना ही दोन्ही आमिषे दर दहा पावलांवर असतात.

अशा कुत्रीला दीड मीटरच्या पट्ट्यावर फुटपाथने नुसते चालवत नेले, तर ती घरी येऊन पडदे फाडते. पूर्ण मोकळे सोडले, तर कावळ्यामागे आंबेडकर रस्त्यावर जाते. लांब दोर या दोहोंच्या मधली सोय आहे, आणि माझ्या मते मुंबईसारख्या शहरात दुसरी सोयच नाही. चारही बाजूंनी बंदिस्त, कुत्र्यांना मुभा असलेली आणि घरापासून चालत जाण्याजोगी मोकळी जागा इथे फारच थोड्यांच्या नशिबी असते.

आता मुख्य मुद्दा, जो दुकानात कोणी सांगत नाही. वीस किलो वजनाची कुत्री सैल दोरावर जागच्या जागी उसळी घेऊन धावली, तर दहा मीटर संपेपर्यंत तिचा वेग सेकंदाला आठ मीटर सहज होतो. त्या क्षणी तिच्यात जी ऊर्जा असते ती सुमारे ६४० ज्यूल, म्हणजे वीस किलोची गोणी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली टाकल्यावर जमिनीवर आपटताना असते तितकी. ही ऊर्जा तीन मीटरांत हळूहळू जिरवली तर हातावर सरासरी बावीस किलोंचा ताण येतो, जो धडधाकट माणूस पाय रोवून सहन करू शकतो. तीच ऊर्जा दोर मुठीत घट्ट धरून दहा-पंधरा सेंटीमीटरांत थांबवायची म्हटले तर ताण अर्ध्या टनाच्या घरात जातो. मग मनगट जाते, नाही तर कुत्रीची मान. हे गणित एकदा लक्षात आले की दोराविषयीचे बाकीचे सर्व निर्णय आपोआप होतात: दोर गळपट्ट्याला कधीही लावायचा नाही, हातावर किंवा बोटांवर कधीही गुंडाळायचा नाही, आणि तो असा हवा की तळव्यातून थोडा सरकेल, पण सरकताना कातडी सोलणार नाही.

या शेवटच्या अटीवर आधीचे तीनही प्रकार कमी पडले. सुती निवार हाताला सर्वांत सुखाची. पकड उत्तम आणि घर्षणाने हात भाजत नाही. परंतु जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ती एकदा भिजली की वाळत नाही, तिचे वजन दुप्पट होते आणि चार दिवसांत तिला असा कुबट वास येतो की घरातली माणसे ती बाल्कनीबाहेर टांगायला लावतात. नायलॉनची पट्टी टिकाऊ असते, थोडी ताणते म्हणून झटका किंचित कमी करते, पण तळव्यातून वेगाने सरकली की कातडी निघते. कुत्रीच्या मागच्या पायाभोवती सरकली तर तिचीही निघते. कारवानाची कातडी पातळ आणि केस अगदी आखूड असतात, त्यामुळे जाड केसांच्या कुत्र्याला जे नुसते खरचटते ते इथे टाके घालण्यापर्यंत जाऊ शकते. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त, हलका, पाणी न धरणारा, शिवाय पाण्यावर तरंगणारा. समुद्रावर त्याचा उपयोग होतो. पण उन्हाने त्याचे तंतू तुटतात, आणि मग तो हातात काथ्यासारखा टोचू लागतो.

ज्या पट्टीविषयी मी लिहीत आहे, ती पॉलिएस्टरच्या विणलेल्या फितीवर लवचिक प्लास्टिकचा थर चढवून बनवतात. बाजारात तिला सरसकट बायोथेन म्हणतात. ताकद आतल्या फितीची, आणि पाणी, चिखल, वास यांपासूनचे संरक्षण बाहेरच्या थराचे. माझी पट्टी तेरा मिलिमीटर रुंद आहे. वीस किलोंच्या कुत्रीला ही रुंदी पुरते. एकोणीस मिलिमीटरची पट्टी दिसायला भक्कम वाटते, पण दहा मीटर लांबीत तिचे वजन एवढे होते की कुत्री ती ओढत चालताना सारखी मागे वळून पाहते आणि दोर ज्यासाठी घेतला ती मोकळीक तिला मिळतच नाही. गवतातून, झाडाच्या मुळांमधून आणि मैदानाच्या कडेच्या जाळीजवळून ही पट्टी न अडकता सरकते, कारण तिला धागे नाहीत आणि माझ्या सांगण्यावरून शेवटच्या टोकाला कडीही ठेवलेली नाही. हाताची कडी असलेला लांब दोर हा माझ्या दृष्टीने सदोष माल आहे. ती कडी बाकाच्या पायात किंवा दगडाच्या फटीत हमखास अडकते. आहेत त्यांनी ती सरळ कापून टाकावी.

नारिंगी रंगही मी मुद्दाम मागून घेतला. काळी किंवा तपकिरी पट्टी फोटोत देखणी दिसते, परंतु मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना ती दिसत नाही, आणि दहा मीटर दोरामुळे कोणी पडले तर चूक निर्विवादपणे आपली असते. नारिंगी दिसते म्हणून लोक स्वतःहून पाय उचलून जातात, फार तर एखादे आजोबा "अहो, केवढी लांब ही दोरी!" असे म्हणून पुढे सरकतात.

हुकाकडे ग्राहक सहसा पाहत नाहीत. माझ्या दोराबरोबर आलेला हूक जस्ताच्या मिश्रधातूचा, वर चकचकीत मुलामा दिलेला होता, आणि हाच या वस्तूचा सर्वांत कच्चा भाग निघाला. मुंबईची खारी हवा, त्यात महिन्यातून एखाद-दुसरी समुद्राची फेरी. पहिला पावसाळा संपेपर्यंत त्याची स्प्रिंग गंजून खटका अर्धवट बंद होऊ लागला. बाहेरून पाहता हूक लागलेला दिसतो, पण अंगठ्याने दाबून पाहिल्यावर कळते की तो पूर्ण मिटलेलाच नाही. मी तो बदलून पितळेचा घातला. पितळ जड असते, पण गंजत नाही; स्टेनलेस स्टीलचा चांगला हूक मिळाला तर तोही चालेल. पट्टी शिवलेली असण्यापेक्षा रिव्हेट किंवा स्क्रूच्या जोडाची घ्यावी, कारण असा हूक घरच्या घरी बदलता येतो आणि शिवण कुजण्याचा प्रश्न राहत नाही. स्क्रूचा जोड मात्र दर आठवड्याला पिळून पाहावा लागतो.

हार्नेसवर वेगळे परीक्षण लिहिता येईल, पण दोराशी त्याचा संबंध इतका थेट आहे की थोडे इथेच सांगतो. कारवान वळणाच्या कुत्र्याची मान डोक्याइतकीच, कधी डोक्याहून जाड असते, छाती खोल आणि पोट एकदम आत गेलेले असते. परिणामी साधा गळपट्टा डोक्यावरून निघून येतो आणि बाजारातला साधा हार्नेस, कुत्री मागे रेटू लागली की पुढे ओढला जाऊन शर्टासारखा निघतो. फटाक्याला घाबरलेली कुत्री हे दोन सेकंदांत करते. उपाय म्हणजे तीन पट्ट्यांचा हार्नेस, ज्याचा तिसरा पट्टा बरगड्या संपतात तिथे, पोटाच्या अरुंद भागाभोवती बसतो आणि छातीवरून पुढे सरकूच शकत नाही. छातीवरची पट्टी खांद्यावरून आडवी जाणारी नको. ती गळ्याच्या खालून दोन पायांच्या मध्ये उतरणारी हवी, म्हणजे धावताना खांदे मोकळे राहतात. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे सरळ जावीत, तीन जाऊ नयेत. दमट हवेत काखेत पट्टी घासून लालसर चट्टा पडतो, म्हणून घरी आल्याबरोबर हार्नेस काढावा आणि ती जागा कोरडी करावी. गळ्यात आम्ही मार्टिंगेल पद्धतीचा रुंद पट्टा ठेवतो, जो ओढल्यावर मानेच्या मापापुरताच आवळतो. त्यावर महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला आणि आमचा फोन क्रमांक असतो, दोर मात्र नाही.

हा हार्नेस शोधताना शहरातल्या एका मोठ्या दुकानात मला जो सल्ला मिळाला, तो नोंदवून ठेवण्यासारखा आहे. हरणीकडे एक नजर टाकून तिथल्या विक्रेत्याने, "ह्या जातीला साखळीच लागते, सर, नाहीतर ऐकत नाहीत," असे ठणकावून सांगत आवळणारी साखळी पुढे केली आणि ती नको म्हटल्यावर बटण दाबून आत गुंडाळली जाणारी लीश दाखवली. धावत्या कुत्र्याच्या गळ्यात आवळणारी साखळी म्हणजे वर केलेल्या गणिताचा सगळा भार श्वासनलिकेवर. गुंडाळणारी लीश त्याहून फसवी, कारण ती सोयीची वाटते. तिची बारीक दोरी बोट कापू शकते, तिचा खटका वेगात धावणाऱ्या वीस किलोंपुढे कितपत टिकेल याचा भरवसा नाही, आणि तिची प्लास्टिकची मूठ हातातून सुटली की खडखडत कुत्र्याच्या मागे धावते. घाबरलेले कुत्रे त्या आवाजापासून जितके पळते तितका आवाज त्याचा पाठलाग करतो. छोट्या, संथ कुत्र्यांना ती चालत असेल. शिकारी कुत्र्यांच्या मालकांनी तिच्याकडे पाहूही नये.

आता प्रत्यक्ष वापर. मैदानावर मी पहाटे, क्रिकेटवाल्यांच्या आधी जातो. शिवाजी पार्क असो, ओव्हल असो किंवा आझाद मैदान, रविवारी सकाळी सातनंतर तिथे एकात एक गुंतलेले इतके सामने चालू असतात की दहा मीटर दोर घेऊन जाणे हा असभ्यपणाच ठरेल; शिवाय सीमारेषेकडे घरंगळत जाणारा चेंडू हरणीच्या दृष्टीने ससाच असतो आणि क्षेत्ररक्षकापेक्षा ती निश्चितच वेगवान आहे. दोराचे शेवटचे तीन मीटर मी डाव्या हातात आठाच्या आकड्यासारख्या सैल घड्यांत धरतो, गोल वेटोळे करत नाही, कारण वेटोळे आवळते आणि घड्या एकामागून एक सुटतात. मधला भाग उजव्या, हातमोजा घातलेल्या तळव्यातून जातो आणि उरलेला जमिनीवर लोळत असतो. कुत्री हुंगत हुंगत पुढे जाते, दोर सैल राहतो, आणि बराच वेळ काहीही घडत नाही. हीच या दोराची खरी कमाई आहे, कारण नाकाला मिळालेला हा अर्धा तास तिला तासभराच्या सरळ चालण्याहून अधिक दमवतो.

पाहायचे असते ते तिच्या कानांकडे. कावळा गवतात उतरला किंवा कट्ट्याखालून मांजर निघाले की आधी कान मागून पुढे येतात, शेपूट पाठीच्या रेषेत ताठ होते, पुढचा एक पाय वर राहतो आणि क्षणभर, खरोखर अर्धा सेकंदच, ती पूर्ण स्तब्ध होते. बंद करायचा हात त्याच अर्ध्या सेकंदात बंद करायचा. त्यानंतर उरते फक्त भौतिकशास्त्र. या क्षणी मी तिचे नाव एकदाच घेतो. ती वळली तर खिशातला बोंबील, नाही वळली तर दोर हातावर हात टाकत, न हिसकता, जवळ घ्यायचा आणि मग पुढे चालायचे. बोंबील सुका, मीठ न लावलेला, नखाएवढे तुकडे केलेला. चिकनच्या महागड्या पट्ट्यांना ती जे करत नाही ते यासाठी करते. खिशाच्या वासाची किंमत अर्थात घरातल्यांना मोजावी लागते. सुरुवातीला नाव घेतल्यावर ती ढिम्म असायची. आता बहुतेक वेळा कावळ्यासाठी वळते, खारीसाठी कधीकधी, आणि मांजरासाठी अजूनही नाही. मांजराच्या बाबतीत ती कधी वळेल अशी माझी अपेक्षाही नाही, आणि म्हणूनच दोर प्रशिक्षणापुरता आहे, नंतर काढून टाकायचा, हे काही प्रशिक्षकांचे म्हणणे मला शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत पटत नाही.

धावण्याची हौस वेगळी भागवावी लागते. त्यासाठी एका काठीला दोरी आणि दोरीला फडके बांधून ते जमिनीलगत फिरवतो, दोर तेव्हा मागे मोकळा लोळतो. ही जात थोडा वेळ जीव तोडून धावणारी आणि मग दिवसभर झोपणारी आहे. पाच-सात मिनिटांच्या अशा पाठलागानंतर ती स्वतःच आडवी होते. मुंबईच्या हवेत यापुढे जाऊही नये. कुत्रे धापा टाकून, जिभेवरच्या ओलाव्याची वाफ करून अंग थंड करते, आणि हवाच दमट असेल तर ती वाफ नीट होत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये तापमान पुण्याहून कमी असूनही इथे कुत्र्याला उष्माघाताचा धोका मोठा असतो. जीभ टोकाशी रुंद होऊन पळीसारखी वळली की खेळ थांबवावा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा जीवघेणा विकार आढळतो, म्हणून जेवणाच्या आगेमागे तास-दीड तास धावणे बंद.

समुद्रावर हा दोर सर्वांत खुलतो. ओहोटीच्या वेळी, आठवड्याच्या मधल्या दिवशी, आक्सा किंवा गोराईच्या वाळूवर भल्या पहाटे माणसे विरळ असतात आणि दहा मीटर म्हणजे खरोखर मोकळीक वाटते. पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येणारे निळे, फुग्यासारखे विषारी जीव आणि कुजकी मासळी यांपासून कुत्रीला दूर ठेवायलाही तो उपयोगी पडतो, कारण तोंड लावण्याआधी तिला थांबवता येते. घरी आल्यावर बादलीत गोड्या पाण्यात दोर बुडवून, फडक्याने पुसून टांगला की झाले. पाच मिनिटांत तो कोरडा असतो. सुती निवारीच्या बाबतीत हेच काम दोन दिवस चालायचे.

पावसाळ्यातले हे धुणे नुसत्या स्वच्छतेसाठी नाही. साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, ते कुत्र्यालाही होतात आणि माणसालाही, आणि रस्त्यावर लोळलेला दोर आपण उघड्या हाताने गोळा करत असतो. हरणीच्या वार्षिक लसीत लेप्टोचा समावेश आहे की नाही, हे मी डॉक्टरांना दर वर्षी विचारून घेतो. दोर साबणाच्या पाण्याने धुतला जातो आणि हातमोजाही.

आता पावसाळ्यातला तो दोष. ही पट्टी ओली झाली की गुळगुळीत होते आणि ओल्या तळव्यातून नको तितकी सरकते. कोरड्या दिवशी जी गोष्ट गुण असते तीच सरीत अवगुण ठरते. साधा हातमोजा पुरत नाही, तळव्यावर रबराचे ठिपके असलेला बागकामाचा हातमोजा लागतो. मी शिवाय शेवटच्या तीन मीटरांत हातभर अंतराने चपट्या गाठी मारून घेतल्या आहेत, म्हणजे पट्टी सरकलीच तर गाठीशी हात थांबतो. गाठींमुळे पट्टीची ताकद थोडी कमी होते हे खरे, पण वीस किलोंच्या कुत्रीसाठी उरते ती भरपूर आहे. पकड चांगली राहावी म्हणून खडबडीत थर दिलेली पट्टीही मिळते. पुढच्या वेळी मी तीच मागणार आहे.

जिथे हा दोर वापरू नये अशा जागाही मुंबईत पुष्कळ आहेत. लिफ्टमध्ये तर मुळीच नाही: दार मिटले, दोराचे टोक बाहेर राहिले आणि लिफ्ट हलली, तर कुत्र्याच्या जिवावर बेतते. इमारतीच्या दारापर्यंत हातभर पट्टा, दोर पिशवीत, हा आमचा नियम आहे. (सोसायटीने पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरायला बंदी करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, ते पत्रक छापून ठेवावे, कामाला येते.) गल्लीतल्या कुत्र्यांच्या हद्दीतून जाताना दोर पूर्ण गोळा करून, त्यांच्याकडे सरळ न जाता वळसा घालून जावे, सैल दोरावर दोन कुत्री गुंतली की ती सोडवणे एकट्या माणसाचे काम नव्हे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्र्यांना प्रवेशच नाही, आणि त्याला लागून असलेल्या आरेच्या किंवा येऊरच्या रस्त्यांवर काळोख पडू लागल्यावर लांब दोर म्हणजे निव्वळ वेडेपणा. बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो, आणि मालकापासून दहा मीटर पुढे, बांधलेल्या अवस्थेत चालणारी कुत्री त्याला याहून सोयीची कशी मिळावी? गच्चीवरही नको, कबुतरामागची उसळी कठड्यापाशी थांबत नाही. संक्रांतीच्या आसपास मैदानात पडलेल्या मांजात कुत्रीचे पाय आणि दोर दोन्ही गुंततात, त्या दिवसांत मी आखूड पट्ट्यावरच भागवतो.

किमतीचा प्रश्न उरतो. थराची पट्टी सुती निवारीच्या कित्येक पट महाग पडते, आणि पहिल्यांदा आकडा ऐकून मीही कारागिराकडे संशयानेच पाहिले होते. पण निवार वर्षाला एक लागत होती आणि ही पट्टी गेला पावसाळा काढूनही कुठे तडकलेली, सोललेली नाही; एका ठिकाणी हरणीने दात लावले, तिथे थरावर खुणा दिसतात, आतली फीत शाबूत आहे. ज्यांना आधी पाहायचे आहे त्यांनी पाच मीटरचा तुकडा घ्यावा, असे मात्र मी म्हणणार नाही. पाच मीटरांत कुत्रीला मोकळीक वाटत नाही आणि आपल्याला दोर हाताळायची सवय होत नाही. पंधरा मीटर शहरात सांभाळता येत नाहीत. घ्यायचा तर दहा मीटर, तेरा मिलिमीटर रुंद, शक्य असल्यास खडबडीत थराचा, नारिंगी, हाताची कडी न ठेवता. आणि मागणी देतानाच जस्ताचा हूक नको, पितळेचा लावा, असे लिहून कळवावे. तोंडी सांगितले तर चकचकीतच येतो.